सोंग

माझ्या कॉम्प्युटरवर ‘एकेरॉय’ नावाचा एक फोल्डर आहे. आत १४३ फोटो. पहिला नुसत्या दगडगोट्यांचा, ट्रायपॉडवर कॅमेरा चढवताना चुकून बटण दाबलं गेलेला. उरलेले १४२ एकाच पक्ष्याचे. कॅमेऱ्याने वेळ टिपलेली असते म्हणून सांगता येतं, हे सगळे अकरा मिनिटांत काढलेत. फोटो म्हणाल तर उत्तम आहेत. प्रकाश मऊ, पक्षी जवळ, मागे समुद्राची करडी पट्टी. ग्रुपवर टाकले असते तर अंगठे आणि टाळ्या मिळाल्या असत्या. टाकले नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी ‘जागा कमी आहे’ अशी पाटी पडद्यावर आली की मी तो फोल्डर उघडते, पुसून टाकायला म्हणून बसते, आणि चहा ठेवायला उठते.

पक्षी तसा साधाच. कंठेरी चिखल्याचा थोरला भाऊ म्हणा. पाठ ओल्या वाळूच्या रंगाची, गळ्यात जाड काळी पट्टी, चोच नारिंगी आणि टोकाला बुडवल्यासारखी काळी. माझ्या बुटांपासून पाच-सहा फुटांवर ती अचानक उभी राहिली, ‘पू-ई’ असं काकुळतीने बोलली आणि एका कुशीवर कलंडली. एक पंख पसरून गोट्यांवर घासत, शेपटीचा पंखा करून, फरफटत पुढे निघाली. मी थांबले की तीही थांबायची, मान वळवून बघायची आणि पुन्हा कलंडायची, या वेळी जरा जास्तच मोडल्यासारखी. मी दोन पावलं पुढे गेले की ती चार पावलं. बघणाऱ्याचा जीव कळवळावा असा अभिनय. मला ठाऊक होतं की हे सोंग आहे. बारा वर्षं पक्षी बघतेय, पुस्तकात वाचलंय, नवख्यांना तोंड भरून सांगितलंयसुद्धा, की बाबांनो, असं दिसलं की समजायचं घरटं जवळ आहे आणि आल्या पावली मागे फिरायचं. तरीही मी खटाखट बटण दाबत राहिले.

“आई, पुरे आता,” लेक म्हणाली. “थकली असेल ती.”

मग माझ्या कोपराला धरून तिने मला बाजूला वळवलं. “इकडून ये. त्या कड्यावर मोठं काहीतरी बसलंय, गरुड असेल तुझा.” गरुड म्हटल्यावर मी पळालेच. कडा सगळा पालथा घातला दुर्बिणीने. गरुड काही दिसला नाही. “उडाला वाटतं,” ती म्हणाली.

एकेरॉय नॉर्वेच्या अगदी वरच्या, उजव्या कोपऱ्यात आहे, वारांगेर द्वीपकल्पावर, साधारण सत्तर अंश उत्तरेला. नकाशात बघाल तर तिथून रशिया हाकेच्या अंतरावर आणि बाकीची नॉर्वे फार लांब. २०२४च्या जूनमध्ये आम्ही दोघी तिथे आठ दिवस होतो. ही हौस माझी. डोंबिवली ते फोर्ट बत्तीस वर्षं बँकेत जा-ये केल्यावर, शेवटच्या काही वर्षांत एका मैत्रिणीने उरणच्या पाणजे खाडीवर ओढून नेलं आणि तिथे चिखलात धावणारे मूठभर करडे जीव बघून मी कामातून गेले. छोटे टिलवे. चिखलावर उंदरासारखे पळतात, टोचत राहतात, मान वर करायला फुरसत नाही. आमच्या ग्रुपमधले जुनेजाणते त्यांना ‘हिवाळी पाहुणे’ म्हणत. टुंड्रातून येतात, उन्हाळ्यात तिकडे जाऊन रंग चढवतात, गातात, अंडी घालतात. मला दरवेळी वाटायचं, आपण यांना फक्त ऑफिसच्या कपड्यांत बघतोय. घरी हे कसे असतात?

लेक सहा वर्षांपासून ऑस्लोत आहे. तिला पक्ष्यांचं काही नाही. पण एका दिवाळीत फोनवर म्हणाली, “आई, सैबेरिया नाही जमायचा, वारांगेर जमेल. आम्ही दोघं गाडी चालवू, तू मागे बसून पक्षी बघ.” आम्ही दोघं म्हणजे ती आणि तिचा तो. प्रत्यक्षात मी ऑस्लोला उतरले तेव्हा ती एकटीच न्यायला आली होती. त्याला सुट्टी मिळाली नाही म्हणाली, काम फार आहे. घरी गेले. दारातल्या चपलांच्या मांडणीवर फक्त तिचे बूट होते, वरच्या खणात बर्फातले, खालच्या खणात रोजचे. मधला खण पुसून रिकामा. मी माझ्या चपला त्या रिकाम्या खणात ठेवल्या आणि काही विचारलं नाही. तिने भात लावला होता. त्या भाताची तारीफ मी जरा जास्तच केली.

एकेरॉयजवळच्या वाड्सो गावाला जाणारं विमान पंख्याचं, एसटीसारखं, थांबे घेत जाणारं. खाली उतरल्यावर पहिला धक्का वासाचा बसला. थंड, स्वच्छ हवा असणार अशी मनाची तयारी होती, आणि नाकात शिरला ओळखीचा वास! लाकडी मांडवांवर कॉड मासा वाळत घातलेला, शेपट्या बांधून जोड्या जोड्यांनी उलटा टांगलेला. वर्सोव्याला बोंबील वाळतात तसाच. मीठ मात्र नाही लावत, नुसत्या थंड वाऱ्यावर सुकवतात. लेकीने नाकाला रुमाल लावला आणि मी, खोटं कशाला सांगू, आजोळी आल्यासारखा श्वास घेतला. मासे खाणं मी सोडलंय त्याला पंधरा वर्षं झाली.

वाड्सो गावाला लागूनच एक छोटं बेट आहे, पूल ओलांडला की आलंच. त्यावर गवताळ माळ, एक उथळ तळं, आणि मधोमध गंजक्या लोखंडाचा उंच सांगाडा. १९२६ साली नॉर्वेचा ध्रुवशोधक अमुंडसेन आणि इटलीचा नोबिले यांचं ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज उत्तर ध्रुवाकडे जाताना या खांबाला बांधलं होतं. दोन वर्षांनी नोबिले ‘इटालिया’ घेऊन पुन्हा इथून गेला. ते जहाज बर्फावर कोसळलं, आणि त्याला शोधायला निघालेला अमुंडसेन विमानासकट नाहीसा झाला तो कायमचाच. नोबिले वाचला. दोघांचं तोपर्यंत हाडवैर होतं, ही गोष्ट मला खांबापेक्षा जास्त भारी वाटते. पण पक्षीवाले त्या खांबाकडे बघतही नाहीत, सगळे तळ्याच्या काठावर आडवे झोपलेले असतात.

तळ्यात फॅलरोप होते. लाल मानेचा फॅलरोप, चिमणीपेक्षा जरा मोठा, वजन असेल पस्तीसेक ग्रॅम. पाण्यावर बसून जागच्या जागी भोवऱ्यासारखा गरगर फिरतो, त्या भोवऱ्याने तळातले किडे वर येतात आणि हा सुईसारख्या चोचीने टिपतो. माणसाची भीती नावाची गोष्ट त्याला ठाऊकच नाही. एक तर पोहत पोहत माझ्या बुटाच्या टोकाशी आला, बुटावर बसलेला डास टिपला आणि गेला. यांच्यात बाई भडक आणि बुवा फिके. गळ्याचा तो विटकरी लाल रंग मादीचा. ती नरासाठी भांडते, अंडी घालते आणि निघून जाते. उबवायचं, पिल्लं सांभाळायची, सगळं नराकडे. जमलं तर ती मोसमात दुसरा नरही बघते. हे मी लेकीला रंगवून सांगत होते. ती गवतात पालथी पडून पाण्याकडे बघत होती. “चांगलं आहे की,” एवढंच म्हणाली, आणि मला उगाच वाटलं, आपण काहीतरी भलतं बोललो.

याच फॅलरोपची गंमत अशी की स्कँडिनेव्हियातले हे पक्षी हिवाळा काढतात अरबी समुद्रात. किनाऱ्यावर नाही, भर समुद्रात, लाटांवर. पाठीला वाटाण्याएवढं यंत्र बांधून लोकांनी हे शोधलं. स्कॉटलंडच्या वरच्या शेटलंड बेटांवर २०१२ साली असंच यंत्र लावलेला एक फॅलरोप मात्र अटलांटिक ओलांडून थेट पॅसिफिकला, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे निघाला. एकाच जातीची ही दोन तोंडं दोन दिशांना. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मालवणहून आम्ही सातजणी होडी करून बऱ्याच आत गेलो होतो. ओकाऱ्या काढून अर्ध्याजणी आडव्या. तेव्हा लांब लाटांवर करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ वर-खाली होताना दिसली होती. होडीवाला म्हणाला, “ती काय, खोल पाण्यातली पाखरां. जमिनीर येणत नाय.” माझ्याकडे त्यांचा एक फोटो आहे, ज्यात फक्त लाट आहे. आता तीच पाखरं पायाशी. मला रडू आलं. वाऱ्याने आलं असं मी सांगितलं.

रात्र नावाची गोष्ट तिथे नव्हतीच. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळत नाही. हे वाचलेलं असतं, पण अंगाला ते कळत नाही. मला दिवेलागणीची सवय. सात वाजले की देवापाशी निरांजन, मग कुकर. तिथे रात्री अकराला ऊन खिडकीतून तिरकं येऊन भाजणीच्या डब्यावर पडायचं आणि मला कळायचं नाही की आता थालीपीठ लावायचं की झोपायचं. खिडकीला जाड काळे पडदे होते. ते ओढले की कबरीत पडल्यासारखं वाटे, म्हणून मी फट ठेवायची. त्या फटीतून पहाटे दोनला टेमिंकचा टिलवा दिसायचा. आपल्याकडे तळ्याच्या कडेला अंग चोरून बसणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला तो मळकट पक्षी. इथे आमच्या लाकडी घराच्या कुंपणाच्या खांबावरून वर उठायचा, पंख फडफडवत हवेत टांगल्यासारखा राहायचा आणि रातकिड्याने सूर धरावा तशी न संपणारी किरकिर करायचा. मग खांबावर उतरून एक पंख आभाळाकडे उभा. काय तो तोरा! बघताना माझ्या मनात माहेरवाशिणीचं आलंच. सासरी पदर घेऊन वावरणारी, माहेरी ओसरीवर पाय पसरून बसणारी. पण जरा विचार केला तर ही उपमा लंगडी आहे. माहेरी आराम असतो. याला इथे मरमर काम आहे. टेमिंकची मादी एका नराकडे चार अंडी सोपवते आणि लगेच दुसरी चार घालून ती स्वतः उबवायला बसते. दोन महिन्यांत जोडी जमवा, अंडी घाला, पिल्लं उडती करा, बर्फाच्या आत निघा. आराम, खाणं, नवे पंख, हे सगळं तर आपल्याकडे. वर्षातले नऊ-दहा महिने तो आपल्या चिखलात आणि वाटेवर काढतो. मग पाहुणा कुठला आणि घरचा कुठला? माझ्या मैत्रिणी लेकीबद्दल विचारतात, “यंदा येणारेय का पाहुणी?” तेव्हा मी हसून मान हलवते. मागच्या डिसेंबरात ती आली तर मी तिच्यासाठी कपाटातला नवा टॉवेल काढून ठेवला होता. तिने तो वापरला नाही. घडी तशीच ठेवून गेली.

पहाटे दोन म्हणजे आपल्याकडे साडेपाच. हे उठतात तेव्हा. मी स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून फोन करायची. “गोळ्या घेतल्यात ना? ती रक्त पातळ होण्याची विसरू नका. जिना चढताना थांबत थांबत. दमलात तर सांगा बरं.” मार्चमध्ये यांना दोन स्टेंट घातले होते. लेकीला कळवलं नव्हतं. ती एवढ्या लांब, तिला येता येणार नाही, नुसती झुरत बसेल, असं आमचं दोघांचं ठरलं. त्या आठवड्यात तिचे रोज फोन यायचे आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून, मागचे आवाज जाऊ नयेत म्हणून तोंडावर हात धरून, सोसायटीतल्या पाण्याच्या भांडणाच्या गोष्टी सांगायची. हसतही होते. आता त्या घराच्या भिंती लाकडाच्या आणि पातळ, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एका दिवशी वार्डो या बेटावरच्या गावाला गेलो. ग्रीसमधल्या क्रीट बेटावर सुरू होणारा ई ७५ नावाचा महामार्ग सगळं युरोप ओलांडून इथे येऊन संपतो. शेवटचा जवळजवळ तीन किलोमीटरचा तुकडा समुद्राखालच्या बोगद्यातून. बंदरातून दहा मिनिटांच्या होडीने होर्नोया बेट. तिथलं वर्णन सगळे करतात, मी थोडक्यात आटपते. ससून डॉकची पहाट, त्यात कोंबड्यांच्या ट्रकचा वास मिसळा, आणि सगळा बाजार उभ्या कड्यावर टांगा. गिलेमॉट नावाचे काळे-पांढरे पक्षी दीड वीत रुंदीच्या कंगोऱ्यावर पोट आत घेऊन एकमेकांना चिकटून उभे, आठ-बाराच्या डोंबिवली फास्टच्या दारात उभे असतात तसेच. फरक इतकाच की इथल्या प्रत्येकाच्या पायावर एक अंडं. घरटं म्हणून काडी नाही, अंडं थेट दगडावर. पफिन नावाचे रंगीत चोचीचे पक्षी गवतात बिळापाशी उभे होते, सगळे कॅमेरे त्यांच्याकडे. मला ते फोटोंमध्ये इतके बघून झाले होते की प्रत्यक्षात जरा लहानच वाटले.

त्याच दुपारी वार्डोत समुद्रकाठच्या एका लांबलचक, अंधाऱ्या बोळात गेलो. लाकडी मांडवांवर कापड ताणून केलेला तो बोळ, माशांच्या मांडवांची आठवण व्हावी असा. आत ९१ छोट्या खिडक्या आणि प्रत्येकीपाशी एकेक दिवा. सतराव्या शतकात या भागात चेटूक केल्याच्या आरोपावरून मारलेल्या ९१ माणसांचं हे स्मारक, बहुतेक बायकाच. १६१७च्या नाताळात अचानक वादळ उठलं, दहा होड्या बुडाल्या, चाळीस माणसं गेली. पुढे ते वादळ बायकांनी उठवलं असं ठरलं, त्यांच्याकडून तसं वदवून घेतलं, जाळलं. प्रत्येक दिव्याशी एकेकीची हकीगत लिहिलेली आहे. मी सात-आठ वाचल्या आणि बाहेर येऊन थंडीत उभी राहिले. माझ्याने होईना. लेक मात्र शेवटपर्यंत एकेक वाचत गेली. तासभर तरी. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “कबूल केल्यावर थांबवतील असं वाटलं असेल त्यांना.” मी थर्मासमधला चहा ओतला. तिच्या हाताला कप धरवेना इतके हात गार पडले होते.

एकेरॉयला आम्ही त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. वाड्सोपासून पंधरा किलोमीटर, जमिनीला वाळूच्या पट्ट्याने जोडलेला एक सुळका. एका बाजूला कडा, तिथे किटिवेक नावाच्या कुरवांची वसाहत. स्वतःचं नाव घेऊनच ओरडतात, किटी-वेक, किटी-वेक. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३च्या जुलैमध्ये, बर्ड फ्लूने या पट्ट्यात हजारो किटिवेक मेले. वाड्सो गावात इमारतींच्या खिडक्यांवर घरटी करणारे, रस्त्यात, अंगणात, बंदरात पडले. गावच्या लोकांनी पांढरे सूट घालून, पिशव्या भरभरून उचलले. कड्यावर आवाज होता, पण मधेमधे मोकळे कंगोरे. जुन्या विष्ठेचे पांढरे ओघळ तसेच, वर कुणी नाही. रिकाम्या जागेचा फोटो काढायचा म्हणून मी खाली गोट्यांच्या किनाऱ्यावर ट्रायपॉड लावला. आणि ती चिखल्या आली.

मला आमच्या आजोबांचं आठवायला हवं होतं. वाईजवळ त्यांचं शेत. मृगाच्या आधी नांगर चालू असला की कधी कधी मधेच ढेकळांत टिटवीची अंडी. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कल्ला करायची. आजोबा बैलांना “हो हो” करत थांबवायचे, नांगर उचलून वळसा घ्यायचे, आणि शेतात घोंगडीएवढा तुकडा तसाच राहायचा, गवताचा, बिननांगरलेला. टिटवीने उंचावर घातली म्हणजे यंदा पाऊस जोरात, असंही म्हणायचे. मी सहा-सात वर्षांची, मला अंडी जवळून बघायची असायची. ते म्हणायचे, “बघायचं काय त्यात? तिची आहेत.” माणूस इतकं जाणूनही पुढे एक महागडी लेन्स घेतो आणि अकरा मिनिटं उभा राहतो. गार वाऱ्यात अंडी उघडी पडली की किती वेळात निवतात, हे मला आजही पुस्तक न उघडता सांगता येईल. अंडी फुटायला जितकी जवळ आलेली, तितकं ते सोंग जिवावर उदार होऊन केलेलं असतं, हेही.

परतीच्या आदल्या दिवशी हामनिंगबर्गच्या रस्त्यावर होतो. वार्डोच्या पुढचा तो रस्ता चंद्रावर नेल्यासारखा आहे. उभे कापलेले काळे खडक, झाड म्हणून नाही, मधेच मळकट बर्फाचा ढीग. लेक गाडी चालवत होती. एक रेनडियर आणि तिचं पाडस रस्त्याच्या मधोमध चालत होतं, बाजूला व्हायचं नाव नाही. आम्ही त्यांच्या मागून पायी चालल्यासारखे.

“बाबांना किती स्टेंट घातले?” तिने समोर बघतच विचारलं.

“दोन.”

“मार्चमध्ये?”

“हो.”

“मी रोज फोन करत होते तेव्हा.”

“हो गं.”

रेनडियर थांबली, मागे वळून बघितलं, पुन्हा चालू लागली. ती रागावेल, रडेल, गाडी थांबवेल असं मला वाटत होतं. तिने फक्त काच पुसायचे वायपर लावले, पाऊस नसताना. मग बंद केले. माझ्या जिभेवर चपलांच्या मांडणीचा तो रिकामा खण आला होता. आता विचारायलाच हवं, आत्ता, तिने मला विचारलंय तर. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “रात्री थालीपीठ लावू का? भाजणी उरलीय अजून.” ती हसली. खरंच हसली. “लाव,” म्हणाली. “कांदा जास्त घाल.”

पुढे हामनिंगबर्गला पोहोचल्यावर एका दगडावर एक ब्लूथ्रोट गात बसला होता. आपल्याकडे काही जण त्याला शंकर म्हणतात, गळ्यावर निळं म्हणून. हिवाळ्यात आपल्याकडे ओढ्याच्या कडेला झुडपांखाली शेपटी उडवत लपंडाव खेळतो. इथे तो उघड्यावर छाती फुगवून दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करत होता, एकामागून एक. नॉर्वेतल्या ब्लूथ्रोटांना यंत्रं लावली तेव्हा तेही भारतीय उपखंडाकडे निघालेले दिसले, अठरा-वीस ग्रॅमचे जीव. लेकीने पहिल्यांदाच दुर्बीण मागून घेतली आणि बराच वेळ डोळ्याला लावून ठेवली. “हा स्वतःचं असं काही गातो का, की सगळं उसनंच?” तिने विचारलं. मला उत्तर नीट देता आलं नाही.

मी म्हटलं, जाताना एकेरॉयला एकदा डोकावू, चिखल्या बसली आहे ना बघू, लांबूनच. ती म्हणाली, “नको. बसू दे तिला.” नाही गेलो.

गेल्या आठवड्यात पुन्हा ती ‘जागा कमी आहे’ची पाटी आली. या वेळी ठरवलं, मागून नाही, पुढून सुरुवात करायची. पहिला फोटो, दगडगोट्यांचा, चुकून निघालेला. तो तर जायलाच हवा. पुसायच्या आधी सवयीने मोठा करून बघितला. डाव्या कोपऱ्यात ट्रायपॉडचा काळा पाय, खाली माझ्या बुटाचं टोक. आणि त्या दोघांच्या मधे, वीतभरही नाही, चार गोटे जरा जास्तच एकसारखे. वाळूच्या रंगाचे, काळे ठिपके, चारही निमुळती टोकं आतल्या बाजूला वळवून ठेवलेली, कुणीतरी नीट मांडावीत तशी. मी पहिल्यापासून तिथेच उभी होते. ती मला लांब नेत होती आणि मी ट्रायपॉड तिथेच ठेवून, जराशी पुढे, जराशी मागे करत, परत परत तिथेच येत होते.

बराच वेळ नुसती बसले. मग तो फोटो लेकीला पाठवला, अंड्यांभोवती लाल गोल काढून. खाली काही लिहिलं नाही.

तिकडे सकाळ असावी. दोन निळ्या खुणा लगेच आल्या.

“मला तेव्हाच दिसली होती,” तिने लिहिलं.

“मग बोलली का नाहीस?”

‘टायपिंग’ असं येत राहिलं, थांबलं, पुन्हा आलं. मी चष्मा पुसला.

“अगं, तू किती खूश होतीस तेव्हा.”